कमांडो भरती निघत नाही

“सर, कमांडो भरती कधी निघते?”

पहाटे ग्राउंडवर नवीन पोरगा आला की आठवड्याभरात हा प्रश्न येतोच. पाथर्डी, पारनेर, श्रीगोंदा, कर्जत, कुठलाही तालुका असो. त्याने मोबाइलवर मरून रंगाच्या टोपीतले जवान पाहिलेले असतात, छातीवरचा ‘बलिदान’ बिल्ला पाहिलेला असतो. त्याचं मन मोडायचं नसतं, पण उत्तर सरळ द्यावं लागतं. कमांडो भरती निघत नाही. भरती निघते ती जवानाची. पॅरा स्पेशल फोर्सेस, म्हणजे आपण ज्यांना कमांडो म्हणतो ते, ही पुढची गोष्ट आहे. तिथे आधी सैनिक व्हावं लागतं, मग आपणहून नाव द्यावं लागतं आणि मग तिथली माणसं तुम्हाला ठेवायचं की परत पाठवायचं ते ठरवतात.

हे एकदा नीट समजलं की तयारीची सगळी दिशाच बदलते. आपल्याकडची बहुतेक पोरं भरतीतल्या सोळाशे मीटरच्या धावेसाठी जगतात. ते आवश्यक आहे, पण तो फक्त दरवाजा आहे. ज्याला दरवाजाच्या खूप आत जायचंय त्याने पहिल्या दिवसापासून शरीर मोडणार नाही अशी तयारी करायला हवी. हा लेख त्याच पोरांसाठी आहे, आणि त्यांच्या आईवडिलांसाठीही.

नगरच्या माणसाला लष्कर नवं नाही. १९४८ पासून चिलखती दलाचं केंद्र आणि प्रशाला इथे आहे, मेकॅनाइज्ड इन्फंट्रीचं रेजिमेंटल सेंटर इथे आहे, १९९४ पासून रणगाडा संग्रहालय आहे. त्यामुळे अनेकांचा समज होतो की नगरच्या कॅम्पातूनच कमांडोत जाता येतं. तसं नाही. इथे रणगाड्यांचे आणि बीएमपी या चिलखती गाड्यांचे जवान घडतात. पॅराशूट रेजिमेंटचं ट्रेनिंग सेंटर बेंगळुरूला आहे आणि उडीचं शिक्षण आग्र्याला. आग्र्यात पाच उड्या पूर्ण केल्या, त्यातली एक रात्रीची, की छातीवर पंख लागतात. पण पंख लागले म्हणजे स्पेशल फोर्सेस झालं असंही नाही. पॅराशूट बटालियन वेगळी आणि त्यातली स्पेशल फोर्सेसची बटालियन वेगळी.

मराठी पोरांना या वाटेवर परकं वाटण्याचं कारण नाही. आजची २ पॅरा ही मूळची मराठा पलटण. ११ डिसेंबर १९७१ ला टांगाइलवर उतरली ती हीच, आणि पुढे तीच स्पेशल फोर्सेस झाली. २१ मराठा लाइट इन्फंट्रीचं १९९६ मध्ये २१ पॅरा स्पेशल फोर्सेसमध्ये रूपांतर झालं. सातारच्या सैनिक स्कूलचे कर्नल संतोष महाडिक याच २१ पॅराचे. नोव्हेंबर २०१५ मध्ये कुपवाड्यात त्यांना वीरमरण आलं, तेव्हा ते ४१ राष्ट्रीय रायफल्सचे कमांडिंग ऑफिसर होते आणि तुकडीच्या पुढे होते. पॅराशूट रेजिमेंटमध्ये देशभरातले सगळे येतात, जात-प्रांत बघितला जात नाही. तिथे फक्त एक बघितलं जातं, त्याकडे शेवटी येतो.

आता पहिला दरवाजा. जवान म्हणून आज आत जायचं ते बहुतेकांना अग्निवीर म्हणूनच. वय साडेसतरा पूर्ण हवं, लग्न झालेलं नको. जनरल ड्युटीसाठी दहावीला एकूण ४५ टक्के आणि प्रत्येक विषयात किमान ३३ गुण लागतात. महाराष्ट्रासाठी जनरल ड्युटीला उंची १६८ सेंटिमीटर, छाती ७७ आणि फुगवून ५ सेंटिमीटर जास्त. माजी सैनिकाच्या मुलाला उंचीत दोन सेंटिमीटरची सवलत मिळते, अनेकांना ते माहीतच नसतं. आधी ऑनलाइन लेखी परीक्षा होते, ती निघाली तरच ग्राउंड. हा क्रम २०२३ पासूनचा आहे. त्याआधी, २०२२ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये राहुरीच्या कृषी विद्यापीठात जो मेळावा झाला, तिथे आधी पळायचं होतं आणि नंतर लेखी. अजूनही कित्येक पोरं जुन्याच क्रमाने तयारी करतात, सहा महिने नुसते पळतात आणि लेखीला गळतात. दहावीचं गणित आणि विज्ञान रोज एक तास, हे पळण्याइतकंच सक्तीचं समजा. चुकीच्या उत्तराला गुण कापले जातात, त्यामुळे ठोकून द्यायची सवय मोडा.

ग्राउंडला शंभर गुण. सोळाशे मीटर साडेपाच मिनिटांच्या आत आलात तर साठ. पुढच्या पंधरा सेकंदांत आलात तर अठ्ठेचाळीस. बीमला दहा पूर्ण मारले तर चाळीस. नऊ फुटांची खंदक-उडी आणि झिगझॅग बॅलन्सला गुण नाहीत, पण ते जमलंच पाहिजे.

साडेपाच मिनिटं म्हणजे चारशे मीटरच्या राउंडला साधारण ब्याऐंशी सेकंद. हा आकडा पोरांच्या पायात बसला पाहिजे. मी हातात घड्याळ धरून उभा असतो तेव्हा दिसतं ते असं: पहिला राउंड सत्तर सेकंदांत, सगळे वाऱ्यावर. दुसरा ऐंशी. तिसऱ्याला खांदे वर चढतात, मुठी आवळल्या जातात, मान मागे जाते आणि घड्याळ पंच्याण्णव दाखवतं. चौथ्याला तो पळत नसतो, स्वतःला ओढत असतो. ताकद कमी पडली म्हणून नव्हे, पहिल्या दोनशे मीटरला गर्दीत पुढे राहण्याच्या भीतीने ती उधळली म्हणून. म्हणून सराव घड्याळावर करा. आठवड्यातून एकदा चारशे मीटरचे सहा राउंड, प्रत्येक ब्याऐंशीच्या आसपास, मध्ये दोन-अडीच मिनिटं चालत विश्रांती. पहिला आणि सहावा यांत तीन सेकंदांहून जास्त फरक नको. दोन दिवस लांब आणि सावकाश पळा, इतकं सावकाश की शेजारच्याशी बोलता आलं पाहिजे. पोरांना हेच सगळ्यात अवघड जातं. सावकाश पळणं त्यांना कमीपणाचं वाटतं. पण दम वाढतो तो तिथेच.

आणि डांबरी रस्ता टाळा. हे मी का सांगतो ते सांगतो. माझ्याकडे एक मुलगा होता, वडील ऊसतोडीला जाणारे. पळायला देखणा. ग्राउंडला महिना राहिला तेव्हा नळीच्या हाडात दुखतंय म्हणाला. बोट ठेवून जागा दाखवत होता, पाचच्या नाण्याएवढी. मी त्याला म्हणालो, बर्फ लाव, पट्टी बांध, पळत राहा. बारा दिवसांनी तो उडीनंतर खाली बसला तो उठला नाही. हाडाला बारीक तडा गेला होता. रोज डांबरावर आठ किलोमीटर, पायात तळ झिजलेले बूट आणि एकही दिवस विश्रांती नाही. त्याचं ते वर्ष गेलं आणि ती चूक माझी होती. तेव्हापासूनचा माझा नियम असा: स्नायू सगळीकडून दुखत असेल तर हलकं पळावं; पण एका बोटाने दाखवता येईल अशा जागी हाड दुखत असेल तर पळणं त्याच दिवशी बंद, आणि हाडांचा डॉक्टर. आठवड्यात एक दिवस पूर्ण सुट्टी. बूट महाग नकोत, पण तळ जाड हवा, आणि तो झिजला की बदला. शेताच्या कडेची मातीची वाट, धावपट्टी, माळ, काहीही चालेल.

बीमबद्दल. पूर्ण लटकायचं, कोपर सरळ, हनुवटी दांड्याच्या वर, झोका नाही. गावात अर्धे बीम मारून वीसचा आकडा सांगणारी पोरं मेळाव्यात सहावर अडकतात. ज्याला एकही येत नाही त्याने खुर्चीवर चढून हनुवटी वर न्यावी आणि पाच मोजत सावकाश खाली यावं. असे पाच, दिवसाआड. नुसतं लटकून राहणंही करावं, तीस सेकंद, मग चाळीस. तीन आठवड्यांत पहिला बीम निघतो. दांडा नसेल तर दोन खांबांत पाणीपुरवठ्याचा जुना लोखंडी पाइप बसवा. लिंबाच्या फांदीवरही करतात पोरं, पण साल निसटते आणि हात सोलतो. जमलं तर जाड दोर बांधून चढायला शिका. भरतीत तो लागत नाही, सैन्यात गेल्यावर लागतो.

मेडिकलला पोरं रडत बाहेर येतात ती टाळता येण्यासारख्या गोष्टींनी. कानात मळ, किडलेले दात, मूळव्याध, हायड्रोसिल, पायाच्या फुगलेल्या शिरा. हे सगळं सहा महिने आधी तालुक्याच्या सरकारी दवाखान्यात दाखवा. सपाट तळवे आणि जवळ येणारे गुडघे किती प्रमाणात आहेत ते आधी कळलं तर तुम्ही निदान दुसरा मार्ग वेळेत निवडाल. रंग ओळखण्याची तपासणी नेत्रतज्ज्ञाकडून करून घ्या. कोपरापासून मनगटापर्यंतची आतली बाजू आणि हाताच्या पंजाची मागची बाजू सोडून इतर ठिकाणचं टॅटू चालत नाही. दंडावर वाघ काढायचा मोह आवरा.

खाण्यासाठी कर्ज काढू नका. बाजरीची भाकरी, मोड आलेली मटकी, शेंगदाणे-गूळ, घरचं दूध, खाता येत असतील तर अंडी. पावडरचे डबे आणि ग्राउंडच्या आदल्या दिवशीची ‘ताकदीची’ इंजेक्शनं, या दोन्हींपासून लांब राहा. इंजेक्शन घेऊन पळणारा पोरगा स्वतःच्या हृदयाशी खेळतो आणि सापडला तर बाद होतो.

आता दरवाजाच्या आतलं. सैन्यात पाच किलोमीटर पळतात ते युद्धसाहित्य अंगावर चढवून. तिशीच्या आतल्या जवानाला ‘उत्कृष्ट’ शेरा हवा तर पंचवीस मिनिटांत. स्पेशल फोर्सेसच्या प्रोबेशनमध्ये, म्हणजे ठेवायचं की परत पाठवायचं ते ठरवण्याच्या काळात, तेच अंतर वाढत जातं, पाठीवरचं ओझं वाढत जातं, झोप कमी होत जाते, आणि पुढे शंभर किलोमीटरचा पल्ला येतो. तिथे सोळाशे मीटरचा वाघ कामी येत नाही. तिथे लागतो तो दिवसभर नांगर धरून संध्याकाळी बैलांना पाणी पाजायला विसरत नाही असा माणूस.

ते पाय आणि तो पाठीचा कणा घडवायला आपल्या जिल्ह्याइतकी चांगली जागा शोधून सापडायची नाही. नगरजवळ शहा डोंगरावर चांदबिबीचा महाल आहे, म्हणजे खरं तर सलाबतखानाची कबर. त्या चढावर आठवड्यातून एकदा जा. चढताना पळा, उतरताना चाला, कारण गुडघे बिघडतात ते उताराला. अकोले तालुक्यात कळसूबाई आहे, १६४६ मीटर, महाराष्ट्रातलं सगळ्यात उंच शिखर. हरिश्चंद्रगडाची पाचनईकडून वाट आहे. वर्षातून तीन-चार वेळा तरी इथे जा, पण सहलीला जातात तसं नव्हे. पाठीवर सॅक, सॅकमध्ये पाण्याच्या बाटल्या. सुरुवात पाच किलोने, तीही वय अठरा झाल्यावर. महिन्याला दोन-दोन किलो वाढवा, पंधराच्या पुढे जाऊ नका, आणि ओझं घेऊन पळू नका, चाला. सॅक कंबरेला न लोंबता पाठीला वर चिकटलेली हवी. मोजे दोन जोड. टाचेला चटका जाणवला की त्याच क्षणी थांबून बूट काढा. फोड आल्यावर थांबण्यात अर्थ नसतो. संकोच वाटतो, सोबतचे पुढे जातात, तरीही थांबा. पावसात आणि रात्री एकट्याने कळसूबाईच्या शिड्यांवर जाऊ नका.

पोहायला शिका. विहिरीत, तलावात, पण नेहमी जाणत्या माणसासोबत आणि कमरेला दोर किंवा डबा बांधून. कालव्याच्या पाण्यात कधीही नको. वरून शांत दिसणारं आवर्तनाचं पाणी माणसाला बाहेर पडू देत नाही. नौदलाच्या मार्कोसमध्ये जायचं स्वप्न असेल तर पाणी हेच तुमचं ग्राउंड.

मग डोकं. याकडे आपल्याकडे कुणी बघतच नाही. स्पेशल फोर्सेसच्या छोट्या तुकडीत कुणी स्फोटकांचा जाणकार असतो, कुणी वैद्यकीय मदतीचा, कुणी रेडिओचा, कुणी वाट काढण्याचा. नुसत्या दंडावर यातलं काहीच येत नाही. सर्व्हे ऑफ इंडियाचा १:५०,००० चा आपल्या भागाचा नकाशा मिळवा. आपलं गाव शोधा, ओढा शोधा, समोच्च रेषा कुठे दाटल्यात आणि तिथे प्रत्यक्षात किती चढ आहे ते चालून पाहा. रात्री सप्तर्षींवरून ध्रुव काढता आला पाहिजे. हिंदी अस्खलित हवी. पलटणीत तीच चालते. प्रथमोपचार शिका.

मी पोरांसोबत एक खेळ खेळतो. लांब चालून आलो, सगळे दमून बसले की विचारतो: वाटेत किती विजेचे डांब होते? ज्या वस्तीवर कुत्रं भुंकलं तिथल्या दाराचा रंग कोणता? दुचाकीवाला गेला त्याच्या मागे कोण बसलं होतं? पहिल्या दिवशी कुणालाच सांगता येत नाही. महिन्याभरात दोघा-तिघांना येऊ लागतं. दमल्यावरही ज्याचे डोळे उघडे असतात त्याच्यावर माझी नजर राहते. आणि दुसरीही एक गोष्ट मी बघतो. पाण्याची बाटली एकच उरली असेल तर ती कुणाच्या हातात आधी जाते?

कागदपत्रांचा भाग कंटाळवाणा आहे, पण पोरं तिथेही हरतात. दहावीच्या गुणपत्रिकेवरचं नाव, वडिलांचं नाव, जन्मतारीख आणि आधारवरची अक्षरं तंतोतंत जुळली पाहिजेत. एका काना-मात्रेसाठी मेळाव्याच्या टेबलावरून परत आलेला मुलगा मी पाहिला आहे. रहिवासी दाखला, जातीचा दाखला, चारित्र्याचा दाखला, अविवाहित असल्याचा दाखला वेळेत काढा. एनसीसीचं प्रमाणपत्र असेल तर त्याला बोनस गुण आहेत. कॉलेजात असाल तर ते सोडू नका. गावातल्या भांडणात, मोर्चातल्या दगडफेकीत नाव येऊ देऊ नका. एक गुन्हा नोंद झाला की सगळी मेहनत पाण्यात.

आईवडिलांना हात जोडून सांगतो. अर्जाचं शुल्क २५० रुपये आहे. त्यापलीकडे सैन्य एक रुपयाही घेत नाही. ‘कमांडोत बसवून देतो’ म्हणणारा माणूस, मग तो कितीही ओळखीचा असो, चोर आहे. त्याच्यासाठी एक गुंठाही विकू नका. अग्निवीराची नेमणूक चार वर्षांची आहे, त्यानंतर एका तुकडीतल्या पंचवीस टक्क्यांपर्यंतच जवानांना कायम केलं जातं. पहिल्या वर्षी महिना ३०,००० ठरलेले, त्यातले ९,००० सेवा निधीत जातात आणि हातात २१,००० येतात. हे सगळं घरात बसून आधी बोला. मुलाची बारावी अर्धवट राहिली असेल तर ती पूर्ण करायला लावा.

ज्याचं डोकं अभ्यासात चालतं त्याने अधिकारी होण्याचा विचार जरूर करावा. छत्रपती संभाजीनगरची सैनिकी सेवापूर्व शिक्षण संस्था दहावीनंतर मुलांना एनडीएसाठी तयार करते, आणि ती शासनाची आहे. पदवीधरांसाठी नाशिकचं छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्र आहे. मुलींनाही २०२२ पासून खडकवासल्याला एनडीएत प्रवेश आहे. अधिकाऱ्यालाही स्पेशल फोर्सेससाठी नाव द्यावं लागतं आणि त्याच प्रोबेशनमधून जावं लागतं.

आणि ते एक, जे तिथे बघितलं जातं. तिथून आलेले जवान भेटले की मी विचारतो, काय बघतात? प्रत्येकाचं सांगणं जवळपास एकच असतं. कोण किती जोरात पळतो हे पहिल्या आठवड्यातच कळतं आणि नंतर त्याला फारशी किंमत उरत नाही. तीन रात्री झोप नाही, खायला नाही, पायाला फोड आहेत आणि आता पुन्हा ओंडका उचला म्हटलं. तेव्हा जो शेजारच्याच्या खांद्यावरचं वजन आपल्याकडे थोडं जास्त घेतो, त्याला ठेवतात. जो तेव्हा ओरडतो, दुसऱ्यावर ढकलतो, लपतो, तो शरीराने कितीही दणकट असला तरी त्याला परत पाठवतात. सोबत जगायचं आणि मरायचं असतं, माणूस पारखून घेणारच ते.

त्यातून बरेचजण परत येतात. त्यात लाज काहीच नाही. ते आपल्या पलटणीत जातात आणि चांगले सैनिक म्हणून काम करतात. तुमचा मुलगा प्रोबेशनला गेला तर आठवडे-आठवडे त्याचा फोन येणार नाही. घाबरून कुणाकुणाला फोन लावत बसू नका. तो परत आला, तर पारावर चार लोकांत ‘काय झालं’ म्हणून विचारू नका. त्याला घरी दोन दिवस झोपू द्या, पायाच्या जखमा बघा, आवडीचं खाऊ घाला. तो स्वतःहून सांगेल तेव्हा ऐकून घ्या.